वायवाशची प्रदक्षिणा: आठ माणसं, सात गाढवं आणि दहा दिवस

जुलैत आपण राजमाचीच्या वाटेवर धुक्यात चाचपडत असतो, तेव्हा पेरूच्या डोंगरात आभाळ निळंशार असतं. मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा हंगाम. रात्री पाणी गोठतं, दुपारी नाक भाजून निघतं, पण पाऊस क्वचितच. याच दिवसांत आम्ही आठ जण कोर्दियेरा वायवाशला जाऊन आलो. चौघं नाशिकचे, दोघं पुण्याचे आणि न्यूजर्सीत राहणारं एक जोडपं, जे थेट लिमात येऊन मिळालं. सगळ्यात लहान २९ वर्षांचा, सगळ्यात मोठे आमचे काका ५८ वर्षांचे. कागदपत्रं आणि हिशोब माझ्याकडे होते, त्यामुळे कुठे काय अडतं ते मला जरा जास्तच माहीत आहे.

वायवाश ही अँडीजमधली छोटी रांग, विषुववृत्ताच्या साधारण १० अंश दक्षिणेला. यातलं सगळ्यात उंच शिखर येरुपाहा ६,६०० मीटरच्या वर जातं आणि पेरूत त्याचा दुसरा क्रमांक लागतो. आपल्याला शिखर चढायचं नाही. रांगेला वळसा घालत, खिंडीमागून खिंड ओलांडत चालायचं. वाटेनुसार अंतर ११० ते १३० किलोमीटर भरतं. बहुतेक लोक उत्तरेकडून निघून पूर्वेला, मग दक्षिणेला आणि पश्चिमेने परत येतात, म्हणजे डोंगर कायम उजव्या हाताला. काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "ही तर प्रदक्षिणाच झाली की."

पुढचं सगळं वाचण्याआधी एक गोष्ट ऐका. ४,००० मीटरच्या वर माणूस मंद होतो आणि चिडचिडा होतो, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून ज्या गोष्टींवरून वाद होऊ शकतो, त्या सगळ्या घरी, चहा पिताना ठरवून टाका. आम्ही ज्या गोष्टी वर जाऊन ठरवू म्हटलं, त्या सगळ्या चुकल्या.

१. गट बांधा आणि नियम कागदावर उतरवा

सहा ते आठ जण ठीक. त्याहून जास्त झाले की स्वयंपाकाला आणि तंबू आवरायला इतका वेळ जातो की खिंडीवर पोचेपर्यंत वारा सुटलेला असतो. दुपारनंतर खिंडी वाऱ्याच्या असतात.

आमच्या कागदावर पाच ओळी होत्या. सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढून दुसरा असेल. कुणाचं डोकं दुखायला लागलं तर त्याने त्याच संध्याकाळी सांगायचं, सकाळी नाही. खाली उतरायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क दोघांना, बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा नाही. एक जण परत फिरला तर त्याच्याबरोबर कोण जाईल हे नावासकट आधीच लिहिलेलं. आणि पैसे एकाच पाकिटातून, हिशोब परत आल्यावर.

चौथी ओळ सगळ्यात अवघड गेली. लाखभर रुपयांचं तिकीट काढलेला माणूस दुसऱ्यासाठी परत फिरायला सहजासहजी तयार होत नाही. घरी विचारा, खरं उत्तर मिळेल. खिंडीखाली विचाराल तर सगळे बूट बघत बसतील.

सह्याद्रीतला वेग इथे अंगाशी येतो. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढणारे आमचे दोन पोरगे पहिल्या दिवशी सुसाट गेले आणि दुसऱ्या रात्री ओकत बसले. काका एका लयीत, मध्ये न थांबता चालत राहिले. दहा दिवसांत त्यांचं डोकं एकदाही दुखलं नाही.

२. कागदपत्रं

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी वैध असलेला
- पेरूचा व्हिसा, किंवा व्हिसा लागत नसल्यास त्याचा आधार
- पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळं कार्ड
- उंचीवरच्या पदभ्रमणाचा उल्लेख असलेला प्रवास विमा, छापील प्रत
- परतीचं तिकीट आणि लिमातल्या पहिल्या मुक्कामाचा पत्ता
- प्रत्येकाचा रक्तगट, नेहमीची औषधं, अ‍ॅलर्जी आणि घरचा फोन नंबर, एका पानावर, स्पॅनिशमध्ये

व्हिसाचं असं आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल, किंवा त्या देशांत कायमचं वास्तव्य असेल, तर पेरूचा पर्यटक व्हिसा लागत नाही. ही सवलत २०१७ पासून आहे. बाकीच्यांनी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करायचा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाला ईमेल टाका आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. विमान कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीला ही सवलत माहीत असेलच असं नाही. आम्हाला मुंबईत चाळीस मिनिटं उभं केलं होतं, ते त्या छापील कागदाने सोडवलं. भारतातून लिमाला थेट विमान नाही, त्यामुळे मध्ये ज्या देशात विमान बदलाल तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही विचारा.

पिवळ्या तापाच्या लसीवर लोक हमखास फसतात. आपण जातो त्या उंच डोंगरात हा ताप नसतो, त्यामुळे कुठल्याही परदेशी ट्रेकरला विचारलं तर तो म्हणेल, लस कशाला? पण आपली अडचण जाताना नसते, परतताना असते. भारत सरकार पेरू या अख्ख्या देशाला पिवळ्या तापाचा देश धरतं. तिथून निघून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, वेळ आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्या माणसांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

विम्याचे नियम बारीक अक्षरांत असतात. तिथे दोन गोष्टी शोधा: उंचीची मर्यादा, आणि सुटका करून खाली आणण्याचा खर्च. वायवाशमध्ये ५,००० मीटरच्या खिंडी आहेत. विमा एजंटने "ट्रेकिंग कव्हर आहे हो" असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. मी मागितलं, तेव्हा कळलं की आमचा विमा ४,००० मीटरवर संपत होता.

३. लिमाहून वारासला, आणि तिथे चार रात्री

लिमाहून वारासला, म्हणजे ट्रेकर जिथून निघतात त्या डोंगरातल्या शहराला, बसने साधारण आठ तास लागतात. रात्रीच्या बसमध्ये आसनं पसरून झोपता येतं. वाटेत बस कोनोकोचाला ४,००० मीटरच्या वर चढते आणि मग वारासला सुमारे ३,०५० मीटरवर उतरते. पहाटे जाग येऊन डोकं जड वाटलं तर घाबरू नका, पाणी प्या. २८ आणि २९ जुलैला पेरूचा स्वातंत्र्यदिन असतो. त्या आठवड्यात अख्खा देश प्रवासाला निघतो, तिकिटं मिळत नाहीत. तारखा त्याच्या आधी किंवा नंतर ठेवा.

आता उंचीचा हिशोब. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे वारासचा बाजारच आपल्या सगळ्यात उंच शिखराच्या जवळपास दुप्पट उंचीवर भरतो. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम. वायवाशचा पहिला तळ मात्र ४,१७० मीटरवर. वारासहून गाडीने थेट तिथे जाऊन झोपलात तर एका दिवसात हजारावर मीटरची उडी. म्हणून वारासमध्ये किमान चार रात्री काढा आणि दिवसा वर जाऊन खाली झोपायला या.

आमचा क्रम असा होता: पहिला दिवस आराम. दुसऱ्या दिवशी विल्काकोचा तळं, सुमारे ३,७०० मीटर. तिसऱ्या दिवशी चुरुप तळं, सुमारे ४,४५० मीटर. तिथे शेवटी खडकावर लोखंडी दोर धरून चढावं लागतं, सह्याद्रीवाल्यांना मजा येते. चौथा दिवस खरेदी. हातात आणखी एक दिवस असेल तर लगुना ६९ या तळ्यापर्यंत जाऊन या, ते ४,६०० मीटरवर आहे. "आपण तर हिमालयात जाऊन आलोय" असं म्हणणाऱ्याला सांगा की ती सवय काही आठवड्यांत उतरते.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नीट सांगा, आणि घ्यायची ठरली तर एक दिवस घरी घेऊन बघा. बोटं मुंग्या आल्यासारखी झिणझिणतात, आणि हे पहिल्यांदा ४,२०० मीटरवरच्या तंबूत जाणवलं तर माणूस उगाच घाबरतो.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळेल, पेरूत तो कायदेशीर आहे. हवा तेवढा प्या, पण पानं, चहाच्या पुड्या किंवा कोकाच्या गोळ्या भारतात आणू नका. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान येतं. भेट म्हणून मावशीसाठी घेतलेलं पाकीट आमच्या एकाने शेवटी लिमाच्या हॉटेलात सोडलं.

४. गाढवं आणि अरिएरो

गाढवं हाकणाऱ्या माणसाला तिथे अरिएरो म्हणतात. तुमच्या पाठीवर दिवसाची पिशवी, बाकी सगळं गाढवांवर. एका गाढवावर साधारण ४० किलो. आठ जणांचं सामान, तंबू, दहा दिवसांचा शिधा मिळून आम्हाला सात गाढवं लागली. शिवाय एक घोडा रिकामा घ्या. त्याला आणीबाणीचा घोडा म्हणतात. पैसे वाचवायला तो टाळू नका, कारण आजारी माणसाला खिंड ओलांडून न्यायचं दुसरं साधन तिथे नाही.

वारासमध्ये संस्था सगळं जुळवून देतात, किंवा यामाक आणि पोकपा या गावांत थेट अरिएरो ठरवता येतो. थेट ठरवायचं तर गटात कुणालातरी बऱ्यापैकी स्पॅनिश यायला हवं. कसंही ठरवा, या गोष्टी आधी बोलून घ्या:

- रोजचा दर माणसाचा वेगळा, गाढवाचा वेगळा, घोड्याचा वेगळा
- परतीच्या दिवसांचे पैसे धरलेत का
- अरिएरोचं जेवण आणि तंबू तुम्ही द्यायचा, हा तिथला रिवाज आहे
- गावांच्या पावत्यांचा खर्च कोण करणार

त्या पावत्यांविषयी. वाटेत बरीच गावं लागतात आणि प्रत्येक गाव आपल्या हद्दीतून जाणाऱ्याकडून शुल्क घेतं. १९८० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं बंडखोरीमुळे हा भाग बाहेरच्यांना जवळजवळ बंद होता. पुढे ट्रेकर यायला लागले, तेव्हा लुटमारही झाली. मग गावांनी मुक्कामांची राखण सुरू केली आणि त्यासाठी पैसे घ्यायला लागले. रकमा दरवर्षी बदलतात, म्हणून आकडा लिहीत नाही. माणशी काहीशे सोल (पेरूचं चलन) धरून चाला आणि वारासमध्ये चालू दर विचारा. सगळे पैसे १० आणि २० सोलच्या नोटांत घ्या, कारण वर सुटे मिळत नाहीत. पावती जपून ठेवा. पुढच्या वळणावर दुसरा माणूस तीच मागतो. आमच्या एकाने पावतीचा कागद शेकोटी पेटवायला वापरला, आणि आठ जणांचे पैसे पुन्हा द्यावे लागले. शेकोटी पेटवायचीच नव्हती, तो भाग वेगळा.

डॉलर नेणार असाल तर कोरे करकरीत न्या. कोपरा फाटलेली नोट पेरूत कुणी घेत नाही.

वयस्कर अरिएरोला नावाआधी 'दोन' लावून हाक मारतात, आपण 'राव' लावतो तसं. काकांनी पहिल्या दिवसापासून तसंच म्हटलं आणि रोज संध्याकाळी त्यांच्याच हातात पहिला चहा पडायचा.

५. सामान

झोपायची बॅग उणे १० अंशांची, आणि ती शक्यतो स्वतःची. वारासमध्ये भाड्याने सगळं मिळतं, पण दुकानातच तंबू उभा करून, प्रत्येक चेन ओढून बघा. आमच्या एका तंबूची चेन तिसऱ्या रात्री गेली आणि पुढच्या सहा रात्री आम्ही ती सेफ्टी पिनांनी लावली. पिना आईच्या सांगण्यावरून आणल्या होत्या.

प्रत्येकी: दोन चटया किंवा एक जाड फुगवायची चटई, डाऊन जाकीट, पावसाचं जाकीट आणि पँट, लोकरीची टोपी, उन्हाची रुंद टोपी, दोन जोडी हातमोजे, घट्ट तळव्याचे आणि वापरून मऊ झालेले बूट, काठ्या, हेडलॅम्प आणि जास्तीच्या बॅटऱ्या, गडद गॉगल, ५० एसपीएफचं मलम, ओठांना लावायचं मलम. विषुववृत्ताच्या इतकं जवळ आणि इतक्या उंचीवर ऊन फार कडक लागतं. कान आणि नाकाच्या खालची बाजू विसरू नका.

गटासाठी: औषधांची पेटी, ऑक्सिमीटर, पाण्याचे दोन फिल्टर, तंबू दुरुस्तीचं सामान, १:५०,००० चा छापील नकाशा (आल्पाइन क्लबने काढलेला चांगला आहे), आणि फोनमध्ये उतरवून घेतलेला नकाशा. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो आणि वरून दिसत मात्र चांगला. रात्री तो झोपायच्या बॅगेत, पायाशी.

उपग्रहाने संदेश पाठवणारं छोटं यंत्र जरूर घ्या, कारण वाटेत मोबाइल जवळपास चालत नाही. पण ते भारतातून नेऊ नका. परवानगीशिवाय असं यंत्र आपल्याकडे बाळगणं गुन्हा आहे. परदेशी पाहुण्यांना गोव्याच्या विमानतळावर अडवल्याच्या बातम्या आल्या होत्या. ते तिकडेच भाड्याने घ्या आणि तिकडेच परत द्या.

गॅसच्या टाक्या विमानात चालत नाहीत. आट्यांच्या टाक्या वारासमध्ये मिळतात. द्रव इंधनाचा स्टोव्ह असेल तर हार्डवेअरच्या दुकानात 'बेन्सिना ब्लांका' मागा. विमानात नेलेला स्टोव्ह आणि इंधनाची रिकामी बाटली आधी घासून, वाळवून घ्या. वास आला तर जप्त करतात.

६. शिधा

४,३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ तासभर रटरटत राहील आणि दाताखाली कचकचेल. प्रेशर कुकर नसेल तर तूरडाळ विसरा. मसूर आणि मुगाची डाळ आदल्या रात्रीपासून भिजत घातली तर शिजते. तिथले स्वयंपाकी कुकर घेऊनच वर जातात, तुमच्या संस्थेला विचारून ठेवा.

घरून आम्ही नेलं ते: पोहे, भाजलेला रवा, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, आमसुलं. आमसुलाचं गरम सार हे उंचीवरचं अमृत आहे. भूक मेलेली असते तेव्हा तेवढंच पोटात जातं. विमानतळावरच्या घोषणापत्रात खाण्याचे पदार्थ आणले आहेत असं खरं लिहा, सीलबंद पाकिटं ठेवा, आणि ताजी फळं, बिया, घरचं तूप आणू नका.

बाकी सगळं वारासच्या बाजारात मिळतं: तांदूळ, मसूर, ओट्स, बटाटे, चीज, शेंगदाणे. 'चांकाका' मागितलं की गूळ मिळतो, आपल्या ढेपेसारखाच. आणि 'किविचा' म्हणजे राजगिरा. त्याच्या लाह्यांच्या वड्या बघून आमच्या काकांना उपासाचे दिवस आठवले. दिवसाच्या पिशवीत त्या ठेवा, थंडीत चॉकलेटसारख्या दगड होत नाहीत.

शाकाहारी असाल तर नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. कोंबडी पुष्कळांच्या हिशोबात मांसात येत नाही, आणि सूप तर कोंबडीच्याच पाण्यात केलेलं असतं. म्हणायचं: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो." मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. तिन्ही, ह्याच क्रमाने, हसून.

७. वाट, दिवसागणिक

उंचीचे आकडे नकाशानकाशांत थोडे वेगळे सापडतील. 'पुंता' म्हणजे खिंड, 'कोचा' म्हणजे तळं.

पहिला दिवस गाडीचा. वारास, चिकियान, यामाक, पोकपा, मग क्वार्तेलवाइन (४,१७०). विसरलेली वस्तू चिकियानमध्ये घ्या, पुढे दुकान म्हणावं असं काही नाही.

दुसरा दिवस: काकानांपुंता (४,७००) ओलांडून मितुकोचाजवळ मुक्काम. पहिली खिंड आहे, हळू जा.

तिसरा: कार्वाक खिंड (४,६५०), मग कार्वाकोचा तळं. तंबूचं दार डोंगराकडे ठेवा. पहाटे येरुपाहा आणि सिउला ग्रांदे यांवर ऊन पडतं आणि खाली तळ्यात उतरतं. आम्ही तिथे एक दिवस जास्त राहायला हवं होतं.

चौथा: सिउला खिंड (४,८३०). लागोपाठ तीन तळी आणि शेवटी दम काढणारा चढ. इथे मोठी गोम आहे. हा चढ गाढवांना झेपत नाही, ती पूर्वेकडच्या सोप्या कार्निसेरो खिंडीने जातात आणि संध्याकाळी वायवाश नावाच्याच तळावर भेटतात. म्हणजे दिवसभर सामान तुमच्याजवळ नाही. आमच्यातल्या तिघांनी सकाळचं ऊन बघून पावसाची जाकिटं गाढवांवर टाकली होती. दुपारी दोनला बर्फाची भुरभुर सुरू झाली. त्या दिवशी जाकीट, जेवण, औषधं, फिल्टर सगळं पाठीवर घ्या. कुणाला बरं वाटत नसेल तर त्याने गाढवांबरोबर जावं, त्यात कमीपणा नाही.

पाचवा: पोर्ताचुएलो खिंड (४,७५०) आणि विकोंगा. तळाजवळ गरम पाण्याची कुंडं आहेत. वज्रेश्वरीची आठवण येते, फक्त बाहेर पडताना दात वाजतात. कपडे धुवायचा मोह होईल, धुवा, पण वाळायच्या आत गोठतील. साबण कुंडात न्यायचा नाही.

सहावा: कुयोक (५,०००), सगळ्यात उंच दिवस. उतरून वानाकपातायला मुक्काम. अंगात ताकद असेल तर सान अंतोनिओ खिंडीवर (५,०२०) जाऊन या. आमच्यातले चौघं गेले, मी तंबूत झोपले.

सातवा: उतरत वायापा गावात, सुमारे ३,५०० मीटर. हवा दाट लागते, भूक परत येते, दुकानात बिस्किटं आणि बिअर मिळते.

आठवा: तापुश खिंड (जवळपास ४,८००), मुक्काम गाशापांपा. वायापापासून सलग १,२०० मीटरहून जास्त चढ आहे, पहाटे निघा.

नववा: याउचा खिंड (४,८५०), मग हाउआकोचा तळं. दहावा: यामाकला उतरून गाडीने वारास.

जूनमध्ये तिथे हिवाळा असतो आणि दिवस बारा तासांहून थोडा लहान. साडेसहाला अंधार पडतो, त्यामुळे चारपर्यंत तंबू उभे झालेच पाहिजेत. आणखी एक, दक्षिण गोलार्धातला हिवाळा असल्याने दुपारचा सूर्य उत्तरेला दिसतो. सूर्यावरून दिशा काढायची सवय असलेला आमचा वाटाड्या मित्र दोन दिवस गोंधळलेला होता.

८. कुणी आजारी पडलं तर

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे बऱ्याच जणांना होतं. त्याच उंचीवर थांबा, कमी झालं तरच वर जा. पण बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, किंवा माणूस बरळत असेल, तर तो वेगळा प्रकार. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर रात्र असली तरी खाली न्या.

पण "खाली" म्हणजे कुठे, ही वायवाशची अडचण आहे. हिमालयातल्या बऱ्याच वाटांवर आल्या पावली परतलं की उंची कमी होत जाते. इथे बहुतेक तळ दोन खिंडींच्या मध्ये आहेत आणि मागे फिरायला आधी वर चढावं लागतं. म्हणून बाहेर पडायच्या वाटा नकाशावर आधीच लाल पेनाने काढून ठेवा. कार्वाकोचाकडून पूर्वेला केरोपाल्का गाव. विकोंगाकडून काहातांबो, जिथून लिमाची बस मिळते. सहाव्या-सातव्या दिवशी वायापा. रोज सकाळी निघताना आज काय झालं तर कुठल्या बाजूला उतरायचं, हे मोठ्याने म्हणायचं. आम्हाला ते बालिश वाटायचं, तरी करायचो.

पेरूच्या पोलिसांचं डोंगरातल्या सुटकेचं पथक आहे आणि वारासमध्ये मार्गदर्शकांची संस्था कासा दे गियास आहे. दोघांचे नंबर घेऊन ठेवा. पण हेलिकॉप्टर येईल असं गृहीत धरून एकही पाऊल टाकू नका. तुमच्या हाताशी असेल तो घोडा.

९. मुक्कामावर

बूट, काठ्या, भांडी रात्री तंबूच्या आत. राखण असते, तरी वस्तू जातात, आणि काही तर गायी चघळतात. मेंढपाळांची कुत्री अंगावर आली तर पळू नका. वाकून दगड उचलल्यासारखं करा, बहुतेकदा तेवढ्याने ती मागे सरतात. हे आपल्याकडेही चालतं.

पाणी कितीही नितळ दिसो, वर गुरं चरत असतात. गाळा आणि उकळा. जिथे काठाचे दगड तांबूस-नारंगी दिसतील ते पाणी गाळूनही घेऊ नका. या भागात खाणी आहेत, आणि फिल्टर धातू काढत नाही.

शेकोटी नाही. तिथलं केन्युआल झाड फार हळू वाढतं आणि इचू गवत एका ठिणगीने पेटतं. कचरा सगळा परत, टॉयलेट पेपरसुद्धा. त्यासाठी एक वेगळी जाड पिशवी, आणि ती वाहायची पाळी कागदावर लिहिलेली. वर ठरवायला गेलात तर कुणीच उचलणार नाही.

१०. परतताना

अरिएरोची बक्षिशी यामाकमध्येच, सगळ्यांसमोर, गटाच्या पाकिटातून द्या. उरलेला शिधा, चांगले हातमोजे, मोजे त्यांना हवेत का ते विचारा, गळ्यात घालू नका. वारासमध्ये एक रात्र आणि लिमात एक दिवस मोकळा ठेवा. रस्त्यावर संप किंवा अडवणूक झाली तर बस अडकते आणि विमान सुटतं.

मुंबईत उतरायच्या आधी सगळ्यांच्या पिशव्यांतून कोकाची पानं, गोळ्या काही राहिलंय का ते पुन्हा बघा. आणि ते पिवळं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका. ते इमिग्रेशनच्या आधी मागतात, तेव्हा बॅग अजून पट्ट्यावर आलेली नसते.